शालान्त परीक्षा आणि विद्यापीठाचें द्वार

मराठी घरांत ‘मॅट्रिक’ हा शब्द शिक्षणाचा शेवट या अर्थानें रूढ झाला. मुलगा मॅट्रिक झाला म्हणजे तो एखाद्या कचेरींत चिकटविण्यास योग्य झाला; मुलगी मॅट्रिक झाली म्हणजे तिच्यासाठीं स्थळें पाहण्यास आतां हरकत नाहीं; आणि एखाद्याच्या अर्जांत ‘मॅट्रिक नापास’ एवढेंच लिहिलेलें असलें, तरी गृहस्थ मांडवापर्यंत जाऊन आला आहे, ही गोष्ट त्याच्या पदरांत जमा धरली जात असे. परंतु शब्दाचें मूळ पाहूं गेल्यास अर्थ अगदीं उलट निघतो. लॅटिन भाषेंत ‘मॅट्रिक्युला’ म्हणजे नांवांची यादी, पटपुस्तक. विद्यापीठाच्या पटावर नांव चढणें म्हणजे मॅट्रिक्युलेशन. ज्या परीक्षेला हजारों घरांनीं शेवट मानलें, ती तिचें नांव ठेवणारांच्या मनांत आरंभाची परीक्षा होती.

याच जातीच्या परीक्षेला जर्मन लोक ‘आबिटूर’ म्हणतात. तें नांवहि लॅटिनच. पण तें ‘निघून जाणें’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलें आहे. फ्रेंचांचें ‘बाकालोरेआ’ तिसऱ्याच प्रकारचें. तें शाळेच्या अखेरीस मिळतें खरें, परंतु कायद्याच्या दृष्टीनें ती विद्यापीठाची पहिली पदवीच समजली जाते. एक नांव आंत येण्याचें, एक बाहेर जाण्याचें आणि एक पदवीचें. नांवांतला हा फरक पंडितांच्या करमणुकीचा विषय म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. मुलाचें शालेय शिक्षण पुरें झालें हें सांगण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला तीन देशांनीं दिलेलीं तीन वेगळीं उत्तरें त्यांत सांठविलेलीं आहेत.

प्रशियाचें उत्तर सर्वांत जुनें. तेथें १७८८ सालापूर्वीं विद्यापीठांत जाण्यास ठराविक अशी अट नव्हती. ज्याच्या घरीं पैसा आणि मनांत हौस असेल, तो मुलगा जाई. प्राध्यापकांचें उत्पन्न व्याख्यानांच्या फीवर बरेंच अवलंबून असल्यामुळें आलेल्या मुलास परत पाठविण्याची उत्सुकता कोणासच नव्हती. १७८८ च्या नियमानें शाळेच्या अखेरीस परीक्षा ठरविली, आणि ती घेणारे कोण, तर त्याच शाळेचे शिक्षक. त्यांच्या शेजारीं सरकारचा एक प्रतिनिधि बसावयाचा. मुलगा ‘पक्व’ कीं ‘अपक्व’ याचा दाखला द्यावयाचा. गंमत अशी कीं, अपक्व ठरलेल्यालाहि विद्यापीठाचें दार बंद नव्हतें. त्याच्या दाखल्यावर तसा शेरा पडे इतकेंच. १८१२ मध्यें नियम कडक झाले आणि १८३४ मध्यें ही पळवाट बुजविण्यांत आली. त्या वर्षापासून विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेश-चौकश्या बंद पडल्या, आणि शाळेनें दिलेला पक्वतेचा दाखला हीच दाराची एकमेव किल्ली ठरली. ती किल्ली शाळामास्तरांच्या हातीं राहिली, ही त्या पद्धतींतील मुख्य गोष्ट.

फ्रान्समध्यें नेपोलियननें १७ मार्च १८०८ च्या हुकमानें बाकालोरेआ सुरू केली. पुढच्या वर्षीं जी पहिली परीक्षा झाली, तींत एकतीस उमेदवार उत्तीर्ण झाले. परीक्षा तोंडी असे आणि परीक्षक असत विद्यापीठाचे प्राध्यापक. म्हणजे जो पुढें शिकविणार त्यानेंच मुलास पारखून घ्यावयाचें. ही परीक्षा पुढें लेखी झाली, विस्तारली, तिच्या शाखा झाल्या. परंतु उत्तीर्ण झालेल्यास विद्यापीठांत जागा मागण्याचा हक्क आहे ही कल्पना तेथें फार खोल रुजली. सतराअठरा वर्षांच्या मुलांस तत्त्वज्ञानाच्या एका प्रश्नावर चार तास लिहावयास बसविणारें राष्ट्र म्हणून फ्रान्सचें कौतुक करावें तेवढें थोडेंच.

मुंबईचें उत्तर या दोहोंहून निराळें. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें हिंदुस्थानांत विद्यापीठें काढावयाचें ठरलें आणि नमुना निवडला तो लंडन विद्यापीठाचा. तें विद्यापीठ त्या काळीं स्वतः शिकवीत नसे. इतरांनीं शिकविलेल्या मुलांची परीक्षा घेई. तेथें १८३८ पासून मॅट्रिक्युलेशनची परीक्षा चालू होती. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं, त्यांनीं हीच रीत उचलली. कलकत्त्यानें त्याच वर्षीं २४४ उमेदवारांची प्रवेशपरीक्षा घेतली. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ मध्यें झाली. तींत उत्तीर्ण झालेले वीस-बावीसच, पण त्यांत महादेव गोविंद रानडे होते. तीन वर्षांनीं, १८६२ सालीं, या विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

तेव्हां मुंबईच्या पद्धतींत मुलाची पारख शिकविलेल्या शिक्षकानें करावयाची नव्हती आणि पुढें शिकविणाऱ्या प्राध्यापकानेंहि करावयाची नव्हती. ती करणार एक तिसराच मनुष्य, जो मुलास ओळखत नाहीं, मुलाची शाळा ज्यानें पाहिलेली नाहीं आणि ज्याच्यापुढें केवळ एक क्रमांक घातलेली उत्तरपत्रिका येते. आज ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे कीं, परीक्षा म्हणजे हेंच, असें वाटतें. वास्तविक ती एका विशिष्ट विद्यापीठाच्या विशिष्ट अडचणींतून निघालेली तोड होती.

तिचा शाळांवर झालेला परिणाम लौकरच दिसूं लागला. शाळांवर विद्यापीठाचा कायदेशीर अंमल नव्हता. परंतु वरच्या इयत्तांत काय शिकवावें हें सेनेटच्या सभेंत ठरे, कारण मॅट्रिकला काय विचारणार तें तेथें ठरे. जें विचारलें जाणार नाहीं तें शिकविणारा मास्तर पालकांच्या दृष्टीनें वेळ फुकट घालविणारा. १८८२ च्या हंटर कमिशनपुढें ही तक्रार स्पष्टपणें आली. कमिशननें सुचविलें कीं, वरच्या इयत्तांत दोन वाटा कराव्या: एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगाच्या व्यवहाराकडे जाणारी. त्या धोरणानें मुंबई इलाख्यांत ‘स्कूल फायनल’ नांवाची वेगळी परीक्षाहि निघाली. ती सरकारी नोकरीस उपयोगी पडे. पण प्रतिष्ठा मॅट्रिकचीच राहिली, आणि यांत पालकांची चूक होती असें म्हणतां येत नाहीं. एका परीक्षेनें नोकरीचें दार उघडतें आणि दुसरीनें नोकरीचेंहि व कॉलेजचेंहि, तर शहाणा बाप दुसरीच निवडणार. शिक्षणाच्या सुधारकांनीं पुढें अनेकदां असल्या दोन वाटा आंखून पाहिल्या आणि बापांनीं त्या प्रत्येक वेळीं याच हिशेबानें मोडल्या.

एवढ्यावरून त्या अनोळखी परीक्षकास दोष देऊन मोकळें होणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. ओळखीचा मनुष्य जितका दयाळू असूं शकतो, तितकाच तो निष्ठुरहि असूं शकतो; आणि जेथें समाजच विषम असतो, तेथें ‘शिक्षकास मुलाची माहिती असते’ या वाक्याचा अर्थ ‘शिक्षकास मुलाची जात माहीत असते’ इतकाच होऊं शकतो. फ्रान्समध्यें ज्यूली-व्हिक्त्वार दोबिए या शिक्षिकेनें १८६१ सालीं लिऑन येथें बाकालोरेआ दिली आणि तें पद मिळविणारी ती पहिली स्त्री झाली. कलकत्त्याच्या प्रवेशपरीक्षेंत १८७८ सालीं कादंबिनी बसू उत्तीर्ण झाल्या. उत्तरपत्रिकेस स्त्री-पुरुष हा भेद नसतो, ही त्या परीक्षेची मोठी देणगी होती.

परंतु या गोष्टीचें सर्वांत बोलकें उदाहरण मुंबईचेंच आहे. १९०७ सालीं एल्फिन्स्टन हायस्कुलांतून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. साताऱ्याच्या शाळेंत हा मुलगा इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे. संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा होती. ती पुरी होऊं शकली नाहीं, कारण अस्पृश्य मुलास संस्कृत शिकविण्याची शिक्षकांची तयारी नव्हती. म्हणून फारसी घ्यावी लागली. या मुलाविषयीं त्याच्या शिक्षकांचें मत मागविण्याची पद्धति मुंबईंत असती, तर त्या कागदावर काय उमटलें असतें, याची कल्पना ज्यानें त्यानें करावी. विद्यापीठानें मत मागितलें नाहीं, उत्तरपत्रिका मागितल्या. त्यांत त्यांना ७५० पैकीं २८२ गुण मिळाले. परळच्या वस्तींत त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांना भेट दिलें. पुढें सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली, एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. ची परीक्षा झाली आणि १९१३ सालीं ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत गेले.

या हकीगतींतील २८२ हा आंकडा क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. शेंकडा सदतीस-अडतीस गुण. आजच्या पालकापुढें हें गुणपत्रक ठेवलें, तर तो तें घडी करून कपाटांत ठेवील आणि शेजाऱ्यास सांगणार नाहीं. कोणत्याहि नांवाजलेल्या कॉलेजच्या पहिल्या, दुसऱ्या अगर तिसऱ्या यादींत हें नांव येणार नाहीं. १९०७ सालीं मात्र तेवढे गुण पुरेसे होते, कारण मॅट्रिकचा प्रश्न एवढाच होता कीं, हा मुलगा कॉलेजांतलें व्याख्यान समजूं शकेल कीं नाहीं? होय किंवा नाहीं. होय म्हटल्यावर अडचण राही ती फीची, पुस्तकांची, राहण्याच्या खोलीची, गुणांची नव्हे. परीक्षा कठोर होती, बहुतेक वर्षीं नापासांची संख्या उत्तीर्णांहून मोठी असे. पण ती उंबरठ्याची परीक्षा होती. उंबरठा ओलांडला तो आंत आला. तो कितव्या क्रमांकानें आंत आला, हें शिष्यवृत्तीच्या आशेनें पाहणारे थोडे. बाकीच्यांस त्याचें सोयरसुतक नव्हतें.

उंबरठ्याची परीक्षा आणि क्रमांकाची परीक्षा या दोन स्वतंत्र वस्तु आहेत, आणि सध्यांच्या बहुतेक घोटाळ्याचें मूळ त्या एकाच कागदावर घेतल्या गेल्या यांत आहे. जागा पुष्कळ आणि उमेदवार थोडे अशी स्थिति होती तोंवर हा संसार सुखानें चालला. जागा थोड्या झाल्या तेव्हां दुसरीनें पहिलीस गिळलें.

केवळ क्रमांकाची परीक्षा कशी असते, याचा उत्तम नमुना चीनचा. तेथील राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा १९५२ मध्यें सुरू झाली आणि १९६६ मध्यें सांस्कृतिक क्रांतीच्या वादळांत बंद पडली. पुढें कॉलेजें उघडलीं तीं शिफारशीवर: कारखान्यानें, शेतकी समूहानें किंवा सैन्याच्या तुकडीनें ज्याचें नांव सुचविलें तो विद्यार्थी. वरवर पाहतां ही माणसाला ओळखणाऱ्यांची साक्ष होती. प्रत्यक्षांत वशिला, घराण्याचा राजकीय रंग आणि पुढाऱ्यांची मर्जी यांचें राज्य झालें. १९७७ च्या हिवाळ्यांत डेंग झियाओपिंग यांच्या आग्रहानें परीक्षा पुन्हां सुरू झाली, तेव्हां दहा वर्षें सांचलेले सुमारें ५७ लाख उमेदवार बसले आणि त्यांतून पावणेतीन लाखांच्या आंत घेतले गेले. वीस-एकविसांत एक. तरीहि लोकांनीं त्या परीक्षेचें स्वागत सणासारखें केलें. वशिल्याचा अनुभव घेतलेल्यास क्रमांकहि न्यायाचा वाटतो.

आपल्याकडे क्रमांकाचें राज्य इतक्या नाट्यमय रीतीनें आलें नाहीं. तें हळू हळू आलें. मॅट्रिकवरील विद्यापीठाचा ताबा योग्य नव्हे, हें १९१७ ते १९१९ च्या सॅडलर कमिशननें सांगितलें होतें. माध्यमिक शिक्षणासाठीं स्वतंत्र मंडळें असावीं ही त्याची सूचना संयुक्त प्रांतानें १९२१ च्या कायद्यानें अमलांत आणली. मुंबईनें मात्र १९४८ पर्यंत वाट पाहिली. त्या वर्षीं कायदा झाला आणि १९४९ मध्यें पहिली एस्. एस्. सी. घेण्यांत आली. पुणें विद्यापीठ त्याच सुमारास निघालें. इलाख्यांत विद्यापीठें अनेक झाल्यावर सर्व शाळांची परीक्षा एकट्या मुंबई विद्यापीठानें घेण्यास कांहीं अर्थ उरला नव्हता. नव्या परीक्षेचें मराठी नांव झालें ‘माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा’. शालान्त! नव्वद वर्षांनीं मुंबईच्या परीक्षेनें आपलें ‘आंत येण्याचें’ नांव टाकून जर्मनांसारखें ‘बाहेर जाण्याचें’ नांव घेतलें. परंतु किल्ली काहीं शाळेच्या हातीं आली नाहीं. अनोळखी परीक्षक पूर्वीं विद्यापीठाच्या पगारपत्रकावर होता, तो आतां मंडळाच्या पत्रकावर आला. लोकांनींहि नव्या नांवाकडे लक्ष दिलें नाहीं. ते कितीतरी वर्षें मॅट्रिकच म्हणत राहिले.

१९६६ च्या आरंभीं पुण्यास राज्य मंडळ स्थापन झालें. १९७५ पासून दहावीची नवी परीक्षा आली आणि विद्यापीठाचें दार दोन वर्षें पुढें, बारावीच्या अखेरीस सरकलें. वैद्यकीच्या आणि अभियांत्रिकीच्या जागा बेताच्याच, मागणारे हजारों. तेव्हां एका गुणानें आयुष्याची वाट बदलूं लागली. गुणवत्ता याद्यांतील मुलांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत झळकूं लागलीं. लातूरसारखें गांव केवळ परीक्षेच्या तयारीसाठीं राज्यभर नांवाजलें. जेथें एक गुण इतका मोलाचा, तेथें तो गुण मिळविण्याचें शास्त्र निघणारच. आणि गुण सर्वांसच भरपूर मिळूं लागले, म्हणजे त्यांचा क्रमांक लावण्यासहि उपयोग उरत नाहीं.

त्यांत आणखी एक भानगड अशी कीं, एकाच शहरांत तीन-चार मंडळांच्या शाळा, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. २००८ सालीं अकरावीच्या प्रवेशासाठीं राज्य सरकारनें निरनिराळ्या मंडळांचे गुण एका मापांत आणण्याचें शततमकाचें सूत्र काढलें. तें मुंबईच्या उच्च न्यायालयांत टिकलें नाहीं. २००९ मध्यें शंभरांतील नव्वद जागा राज्य मंडळाच्या मुलांसाठीं राखल्या. तेंहि टिकलें नाहीं. २०१० मध्यें सहांपैकीं सर्वोत्तम पांच विषयांचे गुण धरण्याची युक्ति निघाली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकली. दिल्लींत २०११ सालीं एका नामांकित वाणिज्य कॉलेजनें कांहीं विद्यार्थ्यांस शंभरांत शंभर गुणांची अट घातली तेव्हां देशभर हंसें झालें. २०२१ मध्यें तशी अट घालणारीं कॉलेजें अनेक झालीं आणि कोणी हंसलें नाहीं. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांनीं आपली सामायिक प्रवेशपरीक्षा सुरू केली. वैद्यकीसाठीं २०१६ पासून राष्ट्रीय ‘नीट’ बसली आहे, आणि महाराष्ट्रांतील अभियांत्रिकीसाठीं ‘सीईटी’ आहे.

म्हणजे क्रमांक लावण्याचें काम आतां शालान्त परीक्षेकडून काढून घेण्यांत आलें. तिच्याकडे उंबरठ्याचें काम परत आलें, असें कोणास वाटेल. तसें झालें असतें तर उत्तमच होतें. परंतु उंबरठ्याचें काम करण्याइतकी तिची पत राहिलेली नाहीं. बारावींत अमुक इतके टक्के असले कीं पुरे, बाकी सर्व प्रवेशपरीक्षेवर. असा हिशेब ठरल्याबरोबर बारावीचें वर्ष मुलांच्या वेळापत्रकांतून उठलें. कित्येक मुलांचें नांव एका कॉलेजांत असतें आणि मुलगा सकाळ-संध्याकाळ खाजगी क्लासांत असतो. कॉलेज फक्त पट ठेवतें. ‘मॅट्रिक्युला’ या जुन्या शब्दाचा अर्थ इतक्या शब्दशः कधींच खरा झाला नसेल. विज्ञान शाखेच्या त्या मुलास मराठीचें किंवा इंग्रजीचें पुस्तक मार्च महिना उजाडेपर्यंत उघडावें लागत नाहीं, आणि ज्या विषयांत पर्यायाच्या चौकटी काळ्या करून उत्तर देतां येत नाहीं, ते सारे विषय त्याच्या दृष्टीनें अडगळींत गेलेले असतात.

या सगळ्या यंत्रणेंतून परीक्षाच काढून घेतली तर काय उरतें, हें जगास एकदां अकस्मात् पाहावयास मिळालें. २०२० सालीं महामारीनें शाळा बंद झाल्या. फ्रान्सनें बाकालोरेआच्या लेखी परीक्षा रद्द करून वर्षभराच्या शालेय गुणांवर निकाल लावला. आदल्या वर्षीं शेंकडा ८८ च्या आसपास असलेला निकाल ९५ च्या वर गेला. इंग्लंडमध्यें शिक्षकांनीं प्रत्येक मुलास अपेक्षित श्रेणी दिली. सरकारी परीक्षा-नियंत्रकांना ती उदार वाटली, म्हणून शाळेच्या मागील निकालांचा हिशेब घालणाऱ्या एका गणिती सूत्रानें ती दुरुस्त केली. सुमारें शेंकडा एकोणचाळीस श्रेणी खालीं आल्या. ज्या शाळेचा पूर्वींचा निकाल सामान्य, तेथील हुशार मुलास आपल्याआधींच्या मुलांचें पाप फेडावें लागलें. रस्त्यावर मुलें उतरलीं, आणि निकालानंतर चार दिवसांनीं, १७ ऑगस्टला, सरकारनें सूत्र मागें घेऊन शिक्षकांचा शब्द मान्य केला. महाराष्ट्रांत २०२१ मध्यें दहावीची परीक्षाच झाली नाहीं. शाळांनीं दिलेल्या गुणांवर निकाल लागला तो शेंकडा ९९.९५. इतक्या सर्वांस अकरावींत कसें बसवावें म्हणून सरकारनें वेगळी प्रवेशपरीक्षा योजिली, ती उच्च न्यायालयानें ऑगस्टमध्यें रद्द केली.

या आंकड्यांवरून शिक्षकाच्या शब्दास किंमत नाहीं असा निष्कर्ष काढणें सोपें आहे, आणि महाराष्ट्राचा त्यापूर्वींचा अनुभव त्यास पुष्टि देणारा आहे. दहावीच्या भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांत शाळेनें द्यावयाचे अंतर्गत गुण २०१९ मध्यें बंद केले, तेव्हां निकाल ८९.४१ वरून एकदम ७७.१० वर उतरला. पालकांची ओरड झाली. पुढच्या वर्षीं ते गुण परत आले आणि, भूगोलाचा पेपर महामारीमुळें होऊं न शकतां, निकाल ९५.३० वर गेला. मास्तर आपल्या मुलांस वीस पैकीं अठरा, एकोणीस देतो हें उघड गुपित आहे. पण तो तसें कां करतो? शेजारची शाळा तसेंच करते म्हणून, आणि त्यानें प्रामाणिकपणें अकरा दिले तर त्याला विचारणारा, त्याचें ऐकून घेणारा, त्याच्या अकरांस दुसऱ्या शाळेच्या अठरांशीं ताडून पाहणारा कोणी नाहीं म्हणून. पाऊणशें वर्षांच्या शालान्त परीक्षेंत शिक्षकाला विश्वासानें असें कांहीं सोंपविलेंच गेलें नाहीं. वीस गुण त्याच्यापुढें टाकले ते दान म्हणून. त्यानेंहि ते दान म्हणूनच वांटले.

जर्मनींत आबिटूरचे एकूण गुण नऊशें धरतात. त्यांतील सहाशें अखेरच्या दोन वर्षांच्या वर्गांतील कामाचे असतात आणि तीनशें अंतिम परीक्षेचे. अंतिम परीक्षेची उत्तरपत्रिका मुलाचा शिक्षकच प्रथम तपासतो, पण एकटा नव्हे. दुसरा परीक्षक ती पुन्हां पाहतो. याचा अर्थ तेथें क्रमांकाची पीडा नाहीं असा नव्हे. वैद्यकीच्या जागा तेथेंहि थोड्या, आणि १९७० नंतर आबिटूरच्या गुणांची दशांशापर्यंत चढाओढ तेथेंहि चालली. २०१७ च्या डिसेंबरांत तेथील घटना-न्यायालयानें या व्यवस्थेचा कांहीं भाग घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर २०२० पासून वैद्यकीच्या शंभर जागांपैकीं तीस आबिटूरच्या श्रेष्ठ गुणांवर, दहा शालेय गुणांव्यतिरिक्त अन्य योग्यतेवर, आणि साठ प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या निवडीनें भरतात. तेथें प्रवेशाची चांचणी आहे, पण ती शाळेचीं दोन वर्षें पुसून टाकीत नाहीं. त्यांच्या शेजारीं बसते.

अशी वांटणी महाराष्ट्रांत करावयाची, तर पैसा आणि माणसें दोन्ही लागतील. दहावीलाच दर वर्षीं पंधरा लाखांच्या घरांत मुलें बसतात. पण ज्यांची गरज आहे तीं माणसें कांहीं नवीं निर्माण करावयाचीं नाहींत. बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगपरीक्षेस दुसऱ्या कॉलेजचा परीक्षक येतो, मुलाची वही चाळतो, दोन प्रश्न विचारतो आणि घरच्या शिक्षकाशेजारीं बसून गुण लिहितो. १७८८ सालीं प्रशियानें शिक्षकाशेजारीं जी खुर्ची मांडली होती, ती हीच. दहावीच्या मराठीच्या तोंडी परीक्षेंत ती खुर्ची ठेवलेली नाहीं. तेथें शिक्षक एकटा बसतो, एका सकाळींत साठ मुलें त्याच्यापुढून जातात, आणि संध्याकाळच्या आंत गुणांचा तक्ता कचेरींत द्यावयाचा असतो.